सात नंबरची तार

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक वांगं तरंगत होतं.

नशवाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. वांगंच! जांभळं, टवटवीत, निळ्या तारेच्या टोकाला बांधलेलं... मनवरच्या ओल्या अंधारात ते आपलं सावकाश झुलत होतं. मनवर म्हणजे इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत सोडलेली चौकोनी पोकळी. सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं तिच्यातच तोंड उघडतात, त्यामुळे कुणाकडे कांदा करपला आणि कुणाकडे भांडण झालं हे सगळ्या इमारतीला कळतं. पण तिथून भाजी खाली उतरताना नशवा पहिल्यांदाच पाहत होती.

“पकडा!” वरून कुणीतरी ओरडलं. “चावत नाही ते!”

“मी कुठे घाबरलेय?” असं म्हणत नशवा दोन पावलं मागे सरकली.

“मग हात पुढे करा ना... वारा सुटलाय. समोरच्या खिडकीत गेलं तर ते लोक तळून खातील.”

तिने हात लांब करून तार पकडली आणि मान वर केली. छताच्या कठड्यावरून एक डोकं वाकून तिच्याकडे बघत होतं. त्याच्यामागे आभाळ काळं झालेलं, आणि त्या केसांमधून निथळणारं पाणी थेट तिच्या कपाळावर. मकनसा सुरू झालं होतं – हिवाळ्यातलं पहिलं वादळ, अलेक्झांड्रियाचे रस्ते झाडून काढणारं. वरचं डोकं काही क्षण बोलायचंच विसरलं. मग एकदम म्हणालं, “आलोच,” आणि गायब झालं.

तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या बुटांखाली तळं साचलं. “मी रामेझ. लाइनवाला. तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि छतावर राबतो.”

“आणि वांगं?”

“तारेला वजन लागतं. पूर्वी पाना बांधायचो, पण खालच्यांच्या काचा फुटल्या. वांगं कुणाचं काही फोडत नाही.” तो हसला. “ते ठेवून घ्या. लाइनसोबत फुकट.”

नशवा आणि तिची आई या चौथ्या मजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. घरात कॉम्प्युटर दोन. एकावर नशवा एका कार्यालयासाठी इमारतींचे नकाशे काढायची, दुसऱ्यावर आई दिवसभर पत्त्यांचा डाव मांडायची आणि त्या यंत्रावर लबाडीचा आळ घ्यायची. दोन्ही एका तारेवर आणायचे होते, आणि ती तार छतावरच्या रामेझच्या मोठ्या डब्याला जोडायची होती. साऱ्या इमारतीचं इंटरनेट त्या एका डब्यातून घरोघर उतरायचं.

रामेझ जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने तारेचं निळं कातडं सोललं आणि आतल्या आठ रंगीत तारा बोटांनी सरळ केल्या. “पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा...”

“थांबा,” नशवा म्हणाली. “हिरव्याची जोडी का फोडलीत? बिचारे एकमेकांपासून लांब पडले.”

“नियमच आहे तसा. मधे निळ्यांनी बसायचं.”

“वाईट नियम आहे.”

“लांब राहूनही त्यांचं चांगलं जमतं. मी तपासलंय.” त्याने वर पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. पक्कड दाबायची राहिली ती राहिलीच.

“बाशमुहंदिस,” आई पत्त्यांच्या डावावरून नजर न हलवता, इंजिनियरसाहेब म्हणावं तशा सुरात म्हणाली, “तार जोडायला आलायत ना तुम्ही?”

त्याचे कान लाल झाले. प्लग बसला, दोन्ही कॉम्प्युटर जोडणाऱ्या छोट्या डब्यावर दोन हिरवे दिवे लुकलुकले. आता प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर द्यायचा होता. आईच्या यंत्राला त्याने एकतीस दिला. नशवाच्या यंत्रापाशी त्याची बोटं कीबोर्डवर तशीच थबकली... बाहेर वीज चमकली, खिडकीची काच थरथरली. मग त्याने सात हा आकडा दाबला.

“आईला एकतीस आणि मला सात? हे कसं काय?”

“सात... रिकामा होता,” तो म्हणाला, आणि उठून हत्यारं गोळा करायला लागला. जाताजाता त्याने निरोप धाडायची युक्ती दाखवली. इमारतीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून कुठल्याही कॉम्प्युटरला दोन शब्द लिहिता यायचे. लिहिलं की समोरच्या पडद्यावर करडी चौकट उगवायची, वर धाडणाऱ्या यंत्राचं नाव. त्याच नावाला उलट उत्तर लिहायचं, संपलं.

“तुम्हाला काही लिहायचं असलं तर?” तिने विचारलं.

“मी तर काय, कायम छतावर.” आणि तो जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नकाशावर मान मोडून काम करत होती, तेव्हा ‘टुंग’ वाजलं. पडद्याच्या मधोमध करडी चौकट. वर लिहिलं होतं – ‘छत’ कडून. आणि खाली:

*जेवण झालं का?*

नशवाला हसू आवरेना. चौकशीची सुरुवात पोटापासून! तिने लिहिलं, “झालं.” पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. इतका वेळ, की तिला वाटलं आपलं काही चुकलं. मग पुन्हा टुंग.

*देवाची कृपा.*

एवढंच. पण ते ज्या आतुरतेने लिहिलेलं वाटत होतं, त्याने तिच्या काळजात काहीतरी हललं. एका जेवणासाठी कुणी देवाचे आभार मानतं?

मग ते रोजचंच झालं. *अंगात गरम काही घाल, वारा वाईट आहे. रात्री नीट झोप लागते का?* नशवा एका शब्दात, दोन शब्दांत उत्तरं द्यायची आणि मग उरलेला दिवस गुणगुणत काढायची. तिच्या आईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. “नकाश्यात एवढं हसण्यासारखं काय असतं गं?” ती विचारायची.

गंमत अशी, की जिन्यात भेटलेला रामेझ मात्र त्या निरोपांबद्दल चकार शब्द काढत नसे.

“काय हो,” एकदा तिनेच छेडलं, “आज जेवणाची चौकशी नाही केलीत?”

तो गोंधळला. मग उजळला. “जेवण झालं का?”

“असं तोंडावर विचारायला बरं धाडस झालं!”

“तुला – तुम्हाला – विचारायला धाडस लागतंच,” तो म्हणाला. हातातला ब्रेडचा पुडा त्याने उगाच दुसऱ्या हातात घेतला. “आज आमच्याकडे मासे आहेत. आईने केलेत. कित्येक महिन्यांनी तिने मासळीला हात लावला. हल्ली ती बरी होतेय, नशवा... परवा चक्क गाणं म्हणत होती.”

तिला त्याचं ते ‘नशवा’ ऐकू आलं, बाकीचं कानाआड गेलं. प्रेमात पडू घातलेल्या माणसाचं असंच असतं. नेमकं ऐकायचं तेच निसटतं.

रामेझच्या आईला, उम्म नादिरला, तिने पुरतं असं पाहिलंच नव्हतं. दिसायचे ते फक्त हात. तिच्या खिडकीच्या बरोबर खाली, मनवरमधल्या दोरीवर, दोन गोरे ओले हात शर्ट वाळत घालायचे. पुरुषाचे शर्ट, खांद्यांत रुंद. रामेझ तर काडीसारखा. ते त्याच्या अंगावर गोणपाटासारखे लोंबले असते. पाऊस पडत असला तरी शर्ट बाहेर, थांबला तरी बाहेर. वारा मनवरमध्ये शिरला की ते सगळे शर्ट एकदम फुगायचे, हात पसरायचे... आणि नशवा का कोण जाणे, खिडकी लावून घ्यायची.

निरोपही हळूहळू विचित्र व्हायला लागले होते. एकदा आलं: *खोली तशीच ठेवली आहे.* तिने बुचकळ्यात पडून लिहिलं, “छान.” एकदा आलं: *आवाज नाही तर नाही, अक्षरं तरी येतात.* तिला वाटलं, लाजतोय बिचारा. तरी त्या दिवशी ती खुर्ची फिरवून बसली. पाठ भिंतीला लागली की बरं वाटत होतं.

मग एके दिवशी न्हाणीघरातला गीझर बंद पडला. नशवाने दात वाजवत गार पाण्याने डोकं धुतलं, टॉवेल गुंडाळून खोलीत आली आणि –

टुंग.

*पाणी फार थंड आहे का?*

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. केसांतलं पाणी मानेवरून ओघळत होतं, आणि ती पडद्याकडे बघत तशीच उभी राहिली. न्हाणीघराची खिडकी! मनवर! म्हणजे हा माणूस वरून... भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. तिने दात-ओठ खाऊन लिहिलं, “हो. फार थंड.” हवं तेवढं वाच, म्हणाली मनात, आणि अंगावर कोट चढवून तरातरा छतावर गेली.

रामेझ पत्र्याच्या खोलीत प्लग दाबत बसला होता.

“लाज नाही वाटत?” ती दारातूनच कडाडली. “लोकांच्या न्हाणीघरात डोकावता?”

“मी? कुणाच्या... काय झालं?”

“पाणी थंड आहे का म्हणे! आणि मी मूर्खासारखी इतके दिवस तुम्हाला उत्तरं देत बसलेय!”

“कसली उत्तरं? नशवा, देवाशपथ, मी तुम्हाला आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. रोज ठरवतो. रोज खोडतो.”

त्याचा चेहरा पाहून तिचा राग जरा लटपटला. तरी तिने त्याची बाही धरली आणि त्याला जिन्यावरून खाली ओढत नेलं. पडद्यावरची चौकट तिने दाखवली. “‘छत’ कडून. वाचा. छतावर तुमच्याशिवाय कोण असतं?”

रामेझने वाचलं. “माझ्या यंत्राचं नाव ‘मनारा’ आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “‘छत’ हे जुन्याचं नाव. ते मी केव्हाच...”

टुंग.

जुन्या चौकटीवर नवी चौकट उगवली.

*रामेझ घरात नाही. आता मोकळेपणी बोल, माझ्या बाळा.*

आईच्या यंत्रावर पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. रामेझ पांढराफटक पडला. हात मागे नेऊन खुर्ची चाचपत तो खाली बसला.

“जुनं यंत्र मी आमच्या स्वयंपाकघरात ठेवलंय,” तो म्हणाला. “आईसाठी.”

मग त्याने सगळं सांगितलं. नादिर त्याचा थोरला भाऊ; त्याच्यावरूनच आईला सगळे उम्म नादिर, म्हणजे नादिरची आई, म्हणायचे. या इमारतीतली पहिली तार त्यानेच ओढली होती. मासेमारीच्या मोठ्या बोटीवर तो इंजिन सांभाळायचा, आणि घरी असला की दार लावून आपल्या कॉम्प्युटरसमोर. जेवायला हाका मारून आईचा घसा बसायचा, म्हणून त्याने तिला निरोप लिहायला शिकवलं. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर एक चित्र करून दिलं. त्यावर बोट दाबायचं आणि लिहायचं, की नादिरला पोचलं. मग दोन हिवाळ्यांपूर्वी कासिममध्ये, मकनसानंतर येणाऱ्या मोठ्या वादळात, ती बोट गेली ती आलीच नाही. ना फळकूट सापडलं, ना माणूस. उम्म नादिरने काळे कपडे घालायला नकार दिला. मशिदीत मृतदेहाविना जनाज्याची नमाज पढतात, तीही पढू दिली नाही. “माझा मुलगा उशिरा येणार आहे,” एवढंच म्हणाली आणि त्याचे शर्ट धुवायला लागली.

“आणि ते चित्र...” नशवाने विचारलं.

“ते सात नंबरला जातं, नादिरच्या यंत्राला. दोन हिवाळे ती लिहीत असणार, आणि यंत्र दरवेळी सांगत असणार की असं कुणी नाही. इंग्रजीत. तिला इंग्रजी येत नाही, नशवा. ती बटण दाबून चौकट घालवत असेल आणि पुन्हा लिहीत असेल.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “आणि मग मी तो नंबर तुला दिला.”

“का दिलास?”

कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“कुणालाच देत नव्हतो. लोक मागायचे, मी नाही म्हणायचो. त्या दिवशी तू खिडकीतून वर पाहिलंस, हातात तार... मला वाटलं, बस झालं आता. तिथे कुणीतरी जिवंत असावं.”

इतकं सुंदर तिला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकताना तिला इतकं भयंकरही कधी वाटलं नव्हतं. “मी तुला उत्तरं देत होते,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते. “नीट झोप लागते का विचारलंस – विचारलं – तेव्हा मी लिहिलं, ‘हल्ली छान लागते.’ ते तुझ्यामुळे लिहिलं होतं.”

“ते सगळं माझ्या भावाला पोचलं,” रामेझ म्हणाला. “मला एकसुद्धा नाही.”

दोघं हसले, पण ते हसू कुणालाच सोसवलं नाही.

टुंग. *बाळा? आहेस ना?*

“लिही,” रामेझ कुजबुजला. “‘आहे’ म्हण. नशवा, मी पाया पडतो. ती पुन्हा जेवायला लागलीय, गाते... हे एवढंच तोड नकोस. दिवसातून एक शब्द.”

हे चुकीचं आहे, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण तो असा हात जोडून बसलेला, आणि त्याच्यावर जीव जडलेला. तिने लिहिलं: “आहे.”

पुढचे दिवस नशवाला कधीच विसरता आले नाहीत. रामेझ रोज यायचा, आईसाठी काही ना काही खाऊ आणायचा, नशवाशेजारी खुर्ची ओढून बसायचा. त्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. बाहेर पाऊस, आत हीटरची ऊब, दुसरं काय हवं असतं? पण तो तिच्याकडे बघत नसे. तो पडद्याकडे बघत असे.

*निळा शर्ट धुतला आहे,* उम्म नादिर लिहायची. *तिथे सोबतीला कोण आहे?* नशवाने काय लिहावं? ती लिहायची, “माणसं चांगली आहेत.” लिहिताना बोटं बधिर व्हायची. समुद्राच्या तळाशी बसून आपण कुणाची तरी पत्रं वाचतोय, असं तिला वाटायला लागलं. आरशात बघितलं तरी आधी खांदे बघायची... रुंद तर झाले नाहीत ना? रात्री खालून शर्टांच्या बाह्या फडफडल्या की ती उशीत तोंड खुपसायची.

एका दुपारी रामेझ घाईने आत आला. कोटही न काढता त्याने विचारलं, “नादिर काय म्हणाला आज?”

नशवाने हातातला चहा खाली ठेवला.

“नादिर काही म्हणाला नाही, रामेझ. मी म्हणाले.”

“हो, तेच. माझ्या तोंडून चुकून...” पण त्याचे डोळे पडद्यावरच होते. “त्याला एकदा विचारशील, माझ्यावर रागावलाय का? त्या दिवशी निघताना आमचं भांडण झालं होतं.”

“कुणाला विचारू?” तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. “बघ ना माझ्याकडे. मी इथे आहे. माझ्या केसांना तेलाचा वास येतोय, मला सर्दी झालीय. मी तुझा भाऊ नाही रे!”

तो बघत राहिला, आणि तिला स्पष्ट दिसलं – तो तिच्यातून आरपार बघत होता. त्या क्षणी तिला कळलं, की आईला जगवायला म्हणून मांडलेला हा खेळ आता या मुलालाही गिळतोय. आणखी थोडे दिवस, आणि तिच्या वाट्याला एकही जिवंत माणूस उरणार नाही.

कासिम आलं तेव्हा भर दुपारी दिवे लावावे लागले. समुद्र रस्त्यावर चढला होता, त्याचा घुमा आवाज मनवरमधून वर येत होता. रामेझ छतावर सैल झालेल्या तारा बांधत होता. तो धावत खाली आला आणि ओला तसाच तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, कारण पडद्यावर चौकट उगवली होती.

*आज तुझंच वादळ आहे. आज मी तुझ्याकडे येते. कुठे उभा राहशील, सांग.*

“लिही, येऊ नकोस,” रामेझ म्हणाला. आवाज फाटला होता. “लिही, मी बरा आहे, येऊ नकोस!”

नशवाची बोटं कीबोर्डवर गेली आणि थांबली. येऊ नको लिहिलं तर उद्या पुन्हा विचारेल. परवा पुन्हा. एक दिवस ही बाई न विचारताच समुद्रात जाईल, कारण तिला बोलावणारा तिथे आहे याची खात्री तिला कुणी दिली? या बोटांनी.

“नाही,” ती म्हणाली, आणि उठली.

“नशवा, तू तिला मारशील!”

“आणि हे काय चाललंय?”

ती जिन्यावरून धावत उतरली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. उंबऱ्यात एक उंच, देखणी बाई उभी होती. अंगात चॉकलेटी कोट, पायांत नवे बूट, आणि काखेत इस्त्री केलेला निळा शर्ट. चेहऱ्यावर असं समाधान, की नशवाला क्षणभर वाटलं, हिला जाऊ द्यावं.

“वाट सोड, मुली. माझा मुलगा वाट बघतोय.”

“तांत,” शेजारच्या मावशीला म्हणतात तसं नशवा म्हणाली, “सात नंबर माझा आहे.” तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. “मी चौथ्या मजल्यावरची. ते निरोप माझ्याकडे येतात. ‘झालं’ मी लिहिलं. ‘आहे’ मी लिहिलं.”

उम्म नादिर तिच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिली. “नाही गं. तो नादिर आहे. त्याने मला सांगितलं, पाणी फार थंड आहे.”

“ते मला थंड लागत होतं, तांत. आमचा गीझर बंद पडला होता.”

खाली कुणाचं तरी दार वाऱ्याने आपटलं. उम्म नादिरच्या चेहऱ्यावरचं ते समाधान हळूहळू ओसरत गेलं. तिने नशवाला वरपासून खालपर्यंत पाहिलं – सर्दीने लाल झालेलं नाक, थंडीने गारठलेली बोटं. बोटांवर तिची नजर खिळली.

“म्हणजे तो... एकदाही नाही?”

“एकदाही नाही, तांत. मला माफ करा.”

ती पायरीवर बसली. नशवाला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, मारेल. उम्म नादिरने काखेतला शर्ट मांडीवर घेतला, त्याची घडी मोडली, त्यात तोंड लपवलं आणि असा हंबरडा फोडला की मनवरमधून तो छतापर्यंत गेला. दोन हिवाळे कोंडलेलं रडणं. दारं भराभर उघडली. बायका धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी तिचं डोकं छातीशी धरलं. रामेझ जिन्याच्या वळणावर उभा होता. नशवाकडे त्याने पाहिलंही नाही. तो खाली आला, आईच्या पायांशी बसला, आणि मोठ्या मुलासाठी ती रडत होती त्याच सुरात तोही रडायला लागला. नशवा भिंतीला धरून वर गेली.

शुक्रवारी मशिदीत नादिरच्या नावाने नमाज पढली गेली. दोरीवर आता शर्ट नव्हते. छतावरून खाली कुणी वाकत नव्हतं, पडद्यावर चौकट उगवत नव्हती. हिरवे दिवे लुकलुकायचे तेवढेच. नशवा नकाश्यावर रेघा ओढायची आणि खोडायची. आपण बरोबर केलं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याने रडू काही थांबत नव्हतं.

“रडून घे,” आई पत्ते लावतालावता म्हणाली. “पण नाक पूस. कुणीतरी दार वाजवतंय.”

दारात उम्म नादिर होती. नखशिखान्त काळ्या कपड्यांत, चेहरा सुकलेला, पण डोळे जागेवर आलेले. तिच्यामागे रामेझ, खाली मान घालून, नवा शर्ट घातलेला. हा मात्र त्याच्या खांद्यांना बरोबर बसत होता.

उम्म नादिर आत आली आणि सरळ नशवाच्या आईसमोर बसली. “तुमच्या मुलीने माझी फसवणूक केली,” ती म्हणाली. “महिनाभर.”

“तांत, ती माझ्या सांगण्यावरून–” रामेझच्या तोंडून स्वतःच्या आईलाच ‘तांत’ गेलं आणि तो जीभ चावून गप्प झाला.

“तू गप. तुझं तर नावच नको.” तिने नशवाकडे बोट केलं. “हिने फसवलं, आणि मी बूट घालून निघाले तेव्हा खरं सांगायला हीच आली. माझ्या पोटच्या पोराला जे धाडस झालं नाही, ते हिला झालं. अशी मुलगी मी दुसऱ्या कुणाच्या घरात जाऊ देणार नाही. पण हे काळे कपडे मी आता कुठे घातलेत. एक वर्ष मला माझ्या नादिरसाठी रडू द्या. मग मी शरबत घेऊन येईन आणि रीतसर मागणी घालीन. चालेल?”

नशवाच्या आईने पहिल्यांदाच डाव अर्धा सोडून मान वर केली. “मुलीला विचारा. मला काय, मी एकतीस नंबर.”

सगळे नशवाकडे बघायला लागले. रामेझही. या वेळी तो खरंच तिच्याकडेच बघत होता – तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, लाल नाकाकडे, जणू ती आत्ता कुठे खोलीत आली होती. “मी कॉफी ठेवते,” असं काहीतरी पुटपुटून ती स्वयंपाकघरात पळाली.

तो मागोमाग आला. “नशवा... तुझा राग मला चालेल. नकार मात्र...”

“मला कधी लिहिणार होतास? रोज ठरवत होतास ना?”

“आता तोंडाने सांगतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या दिवशी तू तार पकडलीस तेव्हापासून. वर्षभर थांबशील?”

“थांबेन,” ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की दोघांनाही हसू फुटलं, आणि बाहेर दुखवटा बसलाय हे आठवून दोघांनीही ते गिळलं.

कॉफी उकळी धरत होती. नशवाचा हात साखरेच्या डब्याशी अडला. दुखवट्याच्या घरी कॉफी बिनसाखरेची. आणि मागणीची बोलणी चालू असताना कडू कॉफी कुणी देतं का? तिने दारातून विचारलं, “तांत, साखर?”

बाहेरून उम्म नादिरचा आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ.

“माझ्या कपात नको गं. तुमच्या दोघांच्या कपांत घाल.”